ठाणे खाडीचा ओहोटीचा देखावा, स्केल १:८७ – रेझिनचं पाणी चिकट आणि धुरकट होतंय

खाडीकाठ८७

नमस्कार मंडळी,

सोसायटीच्या गणपतीसाठी यंदा रेल्वेचा देखावा करतोय. १८५४ साली गाडी ठाण्याच्या पुढे कल्याणपर्यंत गेली, तेव्हाचा खाडीवरचा दगडी कमानींचा पूल असा विषय आहे. वेळ ओहोटीची. स्केल एचओ, म्हणजे १:८७. बोर्ड ९० × ४५ सेंमी, त्यात पाण्याचा भाग ४५ × ३० सेंमी. खाली १२ मिमी प्लाय, त्यावर थर्माकोल, वर पीओपी. पाण्यासाठी १२ मिमी खोल खळगा ठेवला आहे. पुलाचे खांबही पीओपीचे ओतीव. समोरच्या कडेला पाण्याचा उभा छेद उघडा दिसणार आहे.

रेझिन टू-पार्ट इपॉक्सी (रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर कालवून ओतायचं), पातळ थर देण्याचं म्हणजे कोटिंगचं. बाटलीवर २:१ लिहिलंय, म्हणून वजनकाट्यावर २०० ग्रॅम रेझिनला १०० ग्रॅम हार्डनर घेतलं. चाचणीच्या तुकड्यावर दोन दिवसांनीही बोट चिकटतंय, वर पांढुरका थर आलाय, पीओपीतून बारीक बुडबुडे रांगेने वर आलेत आणि काठाच्या गवतावर रेझिन चढून ते ओलं-काळपट दिसतंय.

बोर्डवर ओतण्याआधी हे सगळं सोडवायचंय. शिवाय निळं पाणी नकोय, खाडीचं पाणी हवंय. रंग, तिवरं, लाटा यांबद्दलही सांगा. फ्लेमिंगो ठेवावेत का?

---

इपॉक्सी_घोडबंदर

आधी चिकटपणा. बाटलीवरचं २:१ हे आकारमानाचं प्रमाण आहे का, ते पुन्हा वाचा. बहुतेक कोटिंग रेझिनवर ते तसंच असतं. रेझिनची घनता साधारण १.१ ते १.१५, हार्डनरची १ च्या जरा खाली. त्यामुळे आकारमानात २:१ म्हणजे वजनात जवळपास १००:४३. २०० ग्रॅमला ८६ ग्रॅम हार्डनर हवं होतं, तुमचं १४ ग्रॅम जास्त पडलं. जास्तीचं हार्डनर क्रियेत सामील न होता आत तसंच राहतं, म्हणून पृष्ठभाग मऊ आणि चिकट. 'हार्डनर थोडं वाढवलं की लवकर सुकेल' हा समज रंगकामाच्या पुट्टीवरून आलाय, इपॉक्सीला तो लागू होत नाही. वजनाचं प्रमाण बाटलीवर किंवा तांत्रिक पत्रकात वेगळं दिलेलं असतं, तेच आकडे वापरा. काटा ०.१ ग्रॅमचा हवा.

पांढुरका थर हे वेगळं दुखणं आहे, ते पावसाळ्याचं. हार्डनरमधलं अमाइन हे रसायन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून वर मेणचट थर तयार करतं. हार्डनर जास्त असेल तर हा थर आणखी दाट येतो, म्हणजे तुमच्याकडे दोन्ही एकत्र आलंय. ओळखायचं असं: कोमट पाणी आणि हिरव्या स्कॉच-ब्राइटने एक कोपरा घासा. मेणचटपणा निघून खाली कडक, कोरडा पृष्ठभाग लागला तर ते फक्त अमाइनचं. घासूनही नखाची खूण उमटत असेल तर प्रमाण चुकलंय आणि तो थर कधीच पक्का होणार नाही. खरवडून काढण्याशिवाय उपाय नाही. त्यावर दुसरा थर ओतून झाकू नका. खालचा मऊ थर पुढे वरच्याला सुरकुत्या पाडतो.

ठाण्यात जुलै-ऑगस्टला उघड्या खिडकीच्या खोलीत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर सहज असते. रेझिनला ६० च्या खाली हवी. आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, तो घ्याच. एसीची खोली बंद करून २६ अंशांवर तीन-चार तास चालवा, बोर्ड आणि दोन्ही बाटल्या त्याच खोलीत ठेवा, मग ओता, आणि पुढचे २४ तास एसी बंद करू नका. एसीचा झोत थेट बोर्डवर नको, धूळ बसते. वर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला. खोक्याची आतली बाजू ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवलेली हवी, नाहीतर त्यातलीच धूळ खाली पडते.

आता बुडबुडे. पीओपी सच्छिद्र असतं. रेझिन तापलं की छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते, आणि पीओपी आतून ओलं असेल तर त्या ओलाव्याने तळ दुधाळही होतो. पीओपी वाळलं की नाही हे हात लावून कळत नाही. सुटे ओतीव खांब आणि त्याच जाडीचा एक नमुना तुकडा रोज वजन करा. वजन उतरायचं थांबलं म्हणजे वाळलं. पावसाळ्यात १० मिमीच्या थराला आठवडा आणि वर लागतो. मग पातळ ॲक्रिलिक वॉर्निशचे दोन हात, मध्ये एक दिवस. फेविकॉल पाण्यात कालवून सील करणारे बरेच आहेत, पण पावसाळ्यात तो थर आतून ओलसर राहतो आणि रेझिनखाली पांढरा पडतो. वॉर्निश बरं.

त्यानंतरही थेट ओतू नका. ३०-४० ग्रॅम रेझिन कालवून खळग्याला सगळीकडे ब्रशने पातळ चोपडा. खांबांच्या बुडाशी, कोपऱ्यांत, तारेच्या भोकांशी दोनदा. हा थर उरलेली छिद्रं भरतो आणि गळतीची जागाही दाखवतो. जिथे तो शोषला जाऊन कोरडा दिसेल तिथे भेग आहे. तिथे खालून एम-सील लावा. पाणी भरून गळती तपासू नका, पुन्हा आठवडाभर वाळवत बसावं लागेल. आणि हा हात देताना खोली गार होत जाणारी असावी. तळ गरम होत जात असताना ओतलं तर बुडबुडे वाढतात. गार होणारा तळ हवा बाहेर टाकण्याऐवजी आत ओढतो.

शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा: १२ मिमी खोली रद्द करा. ४५ × ३० × १.२ म्हणजे १६२० मिली, पावणेदोन किलोच्या वर रेझिन. कोटिंगच्या रेझिनचा एक थर ३ मिमीच्या वर गेला की क्रियेची उष्णता साठत जाते. रेझिन पिवळं पडतं, भेगा जातात, खालचा थर्माकोल बसतो आणि पीओपीला खड्डा पडतो. तळ पीओपीने उचला. मध्यावर ४ मिमी, काठाकडे उतरत शून्य. सरासरी २ मिमी धरली तर २७० मिली, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम: २१० रेझिन, ९० हार्डनर. दोन थरांत होईल. खोली दिसते ती तळाच्या रंगाने, रेझिनच्या जाडीने नाही.

---

तिवर

वरच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत, म्हणून रंगाचं सविस्तर लिहितो.

खाडीचं पाणी गढूळ असतं, त्यातून तळ दिसत नाही. त्यामुळे ओढ्याच्या पाण्यासारखे गोटे, वाळू असं काही तळाशी करू नका. मध्यभागी बर्न्ट अंबर, करडा आणि जरासा ऑलिव्ह हिरवा मिळवून गडद रंग द्या. काठाकडे येताना त्यात राखाडी-तपकिरी वाढवत न्या, आणि शेवटचे ३-४ सेंमी निव्वळ गाळाचा रंग. दोन रंगांची सीमा सरळ रेघेत नको. ओला ब्रश फिरवून प्रवाहाच्या दिशेने ओढा, खांबांच्या मागे जरा वळवा. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रापाशी ओहोटीच्या वेळी उभं राहून बघितलं तर कळेल की पाणी आणि गाळ यांच्या रंगात फरक फार थोडा असतो. फरक असतो तो चकाकीत. पाणी आकाश दाखवतं, गाळ ठिकठिकाणीच चमकतो. आजच्या खाडीचा काळपटपणा मात्र १८५४ च्या देखाव्यात आणू नका, तपकिरीकडेच झुकू द्या.

रेझिनमध्ये रंग किती? पहिल्या १५० ग्रॅमच्या थरात बर्न्ट अंबर तैलरंग, काडेपेटीच्या काडीच्या टोकाएवढा. आधी तो चमचाभर रेझिनमध्ये, हार्डनर घालण्यापूर्वी, एकजीव करा. नंतर बाकीच्यात मिसळा. दुसऱ्या थरात त्याच्या निम्मा किंवा अजिबात नाही. पाण्यात विरघळणारे पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक नको, त्यातलं पाणी रेझिन धुरकट करतं.

गाळ: बारीक चाळणीने चाळलेली वाळलेली माती, फेविकॉल आणि ॲक्रिलिक रंग यांचा श्रीखंडाइतका दाट लगदा. १-२ मिमीचा थर देऊन, अर्धवट सुकल्यावर दातकोरणीने पाणी उतरल्याचे वळणावळणाचे बारीक चर ओढा, मुख्य प्रवाहाकडे उतरणारे. पूर्ण सुकल्यावर सगळीकडे मॅट वॉर्निश, आणि फक्त चरांत आणि पाण्यालगतच्या पट्ट्यात ग्लॉस. सगळा गाळ चकचकीत केला की तो प्लॅस्टिकचा दिसतो.

तिवरांची ओळख त्यांच्या श्वसनमुळांनी पटते. झाडाभोवती चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी मुळं १०-२० सेंमी उंच असतात. १५ सेंमीचं मूळ १:८७ मध्ये १.७ मिमी. बाजारातल्या गवताच्या झुपक्यांची उंची ४-६ मिमी, म्हणजे मुळं गुडघाभर होतील. काथ्याच्या किंवा जुन्या रंगाच्या ब्रशचे केस घ्या, गाळ ओला असतानाच दाट खोवा आणि सुकल्यावर बारीक कात्रीने एका उंचीला नव्हे, दीड ते दोन मिमीमध्ये कमीजास्त कापा. झाडाच्या बुंध्यापासून ३-४ सेंमीपर्यंत ती पसरलेली असतात. रंग गाळाचाच, टोकं जरा फिकी.

आणि एक माप कोणी पाहत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो. १:८७ ला तो साडेचार सेंमी. म्हणजे ओहोटीच्या देखाव्यात खांबांवर पाण्यापासून तेवढ्या उंचीपर्यंत ओला, गडद पट्टा हवा. खालचा भाग काळसर-हिरवा, त्यावर कालवांचे पांढुरके ठिपके, वर कोरडा दगड. ही रेघ सगळ्या खांबांवर एकाच पातळीत यायला हवी. ती एका खांबावर खाली-वर झाली की पाणी कितीही चांगलं ओतलं तरी नजर तिथेच अडकते.

फ्लेमिंगो ठेवू नका. त्यांचे मोठे थवे या खाडीत १९९० च्या दशकापासून दिसू लागले, अभयारण्य २०१५ चं. १८५४ ला बगळे ठेवा. लहान बगळा ६० सेंमीचा, म्हणजे ७ मिमी. पाय लवचीक वायरमधल्या एकेका तांब्याच्या तंतूचे करा, आणि रेझिन पक्कं झाल्यावर ०.५ मिमी भोक पाडून बसवा. आधी बसवले तर प्रत्येक पायावर रेझिन चढतं.

---

खाडीकाठ८७

मनापासून धन्यवाद. प्रमाण आकारमानाचंच निघालं. चाचणीच्या तुकड्यावर घासूनही नखाची खूण राहतेय, म्हणजे तो टाकाऊ. खळगा ४ मिमीवर आणतो.

तीन गोष्टी राहिल्या: गवतावर चढणारं रेझिन, पाण्यावरच्या लाटा, आणि एक होडी आहे. अजून ती कुठे ठेवायची ते ठरवलेलं नाही.

---

नॅरोगेज

रेझिन गवतावर चढतं कारण ते पातळ असतं आणि तंतूंमधून वर ओढलं जातं. दोन उपाय एकत्र करा. काठाच्या गवताला आणि मुळांना ओतण्याआधी मॅट वॉर्निशचे दोन हात द्या, म्हणजे ते शोषत नाहीत. आणि काठालगतच्या शेवटच्या २ सेंमीत रेझिन ओतू नका. ते मध्यातून आपोआप पसरत येतं, तिथे दातकोरणीने हवं तेवढंच पुढे ओढा. मिश्रण कालवल्यावर लगेच न ओतता, ४० मिनिटांच्या पॉट लाइफमधली (मिश्रण वापरण्याजोगं राहतं तो वेळ) २०-२५ मिनिटं गेल्यावर काठाचं काम करा. तोवर ते जरा दाटलेलं असतं. मात्र कपात ते एकगठ्ठा ठेवू नका, उथळ ट्रेमध्ये पसरा. कपात ३०० ग्रॅम एकत्र राहिलं तर गरम होऊन वेळेआधीच गोळा होतं, धूरही येतो. तरीही कुठे चढलंच तर सुकल्यावर मॅट वॉर्निशचा बारीक ब्रश फिरवा, चकाकी मरते.

कालवताना सपाट पट्टी, सावकाश, तीन-चार मिनिटं. कपाच्या भिंती आणि तळ खरवडत राहा. मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून आणखी मिनिटभर. पहिल्या कपाच्या भिंतीला चिकटलेलं अर्धवट मिश्रण निथळून बोर्डवर पडलं की तेवढे ठिपके चिकट राहतात. कप कधीही बोर्डवर उलटा धरून निथळू नका.

लाटा इपॉक्सीत करता येत नाहीत, ते आपोआप सपाट होतं. रेझिन पूर्ण पक्कं झाल्यावर त्यावर ॲक्रिलिक ग्लॉस जेल मीडियम वापरा, घट्ट प्रकारचं. सपाट ब्रशने पातळ थर लावून, ब्रश आडवा धरून टिपत जा. खाडीत वाऱ्याने उठणाऱ्या लाटा १० सेंमीच्या धरल्या तर स्केलमध्ये जेमतेम १ मिमी. त्यामुळे टोकदार शिखरं काढू नका, तो समुद्र होतो. एका बैठकीत अर्धा-एक मिमी, जास्त जाड लावलं तर आत दुधाळ राहतं. ओलं असताना पांढरं दिसतं, कोरड्या हवेत एका दिवसात पारदर्शक होतं, म्हणून हेही एसीतच. ओहोटीचा ओढ दाखवायचा असेल तर खांबांच्या समुद्राकडच्या बाजूला लांबट शेपटीसारखे चर काढा आणि उलट बाजूला, जिथे पाणी खांबावर येऊन आपटतं, तिथे जेलची छोटी उशी. पाण्याची दिशा सगळ्या खांबांवर एकच.

होडी पाण्यात ठेवायची असेल तर ओतण्याआधी तळाला पक्की चिकटवा. पोकळ होडी रेझिनवर चक्क तरंगते आणि रात्रभरात जागा बदलते. तळाखाली हवा अडकू नये म्हणून होडीची कड एम-सीलने बंद करा. पण ओहोटीचा प्रसंग आहे, तर होडी गाळावर एका कुशीवर कललेली ठेवावी असं मी सुचवेन. आठ मीटरची होडी तुमच्या स्केलला ९ सेंमी होते, समोर चांगली उठून दिसेल. तिच्या बुडाभोवती गाळात खळगा करून त्यात साचलेलं पाणी दाखवा. या डबक्यासाठी यूव्ही रेझिन (अतिनील दिव्याखाली घट्ट होणारं) उत्तम: एक मिमीचा थर, ३९५-४०५ नॅनोमीटरचा दिवा, दोन-तीन मिनिटं. दिवा दोन बाजूंनी फिरवा, होडीच्या सावलीतलं रेझिन कच्चं राहतं. यूव्ही रेझिनमध्ये दाट रंग घालू नका, प्रकाश आत पोचत नाही. मोठ्या पाण्यासाठी ते नको, आकसतं आणि काठ सोडतं.

---

ऐरोलीकर

वर सगळं आलंय, दोनच ठिकाणी भर घालतो.

बुडबुडे फोडायला बरेच जण हीट गन सुचवतील. तुमच्या बोर्डवर ती नको. झोताने रेझिन काठावर ढकललं जातं, गवत भाजतं आणि थर्माकोल तर खाली आहेच. छोटा ब्यूटेन टॉर्च, १५-२० सेंमी वरून, सतत हलता, एका जागी सेकंदभरही न थांबता. तोही फक्त मोकळ्या मध्यभागी. तिवरांजवळ आणि खांबांपाशी सुईने फोडा. ओतल्यानंतर पाच मिनिटांनी एकदा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा. त्यानंतर हात लावू नका.

समोरच्या उघड्या छेदासाठी ३ मिमी ॲक्रिलिक पट्टीचा बांध करा. आतल्या बाजूला पॅकिंगची चिकटपट्टी एकसलग, सुरकुती न पाडता लावा. ती पॉलिप्रॉपिलिनची असते, तिला इपॉक्सी धरत नाही. सांधे बाहेरून सिलिकॉनने बंद करा आणि २४ तास थांबा. रेझिन बांधावर एक-दीड मिमी चढतं, बांध काढल्यावर ती धारदार कड राहते. ४०० चा वॉटर पेपर पाण्यात भिजवून, मग ८००, १५००, २०००, शेवटी गाडीचं रबिंग कंपाउंड. मधला नंबर गाळला तर ओरखडे पॉलिशनंतर दिसतात. घासताना मास्क लावा. ओतताना नायट्राइल हातमोजे. हातावर सांडलं तर साबण-पाणी, थिनर लावू नका, तो रेझिन कातडीत नेतो. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहते. लहान मुलं मदतीला असतील तर त्यांना गाळ आणि तिवरं द्या, रेझिन नको.

दुसरा थर पहिला चिकटसर असताना, म्हणजे एसीच्या खोलीत साधारण पाच-सहा तासांनी, ओता. तेव्हा दोन्ही थर एकजीव होतात. रात्र उलटली तर पूर्ण पक्कं होऊ द्या, कोमट पाण्याने पुसा, ३२० च्या पेपरने खरवडा आणि मग ओता. ओरखडे वरच्या थरात नाहीसे होतात. पण मधे धूळ बसली तर छेदातून आडवी रेघ दिसते.

ओतण्याआधी लेव्हल बॉटल दोन्ही दिशांनी लावा आणि टेबलाखाली पुठ्ठ्याच्या चकत्या सरकवून बोर्ड समतल करा. एका टोकाला १ मिमी उतार राहिला तर तुमच्या ४ मिमी पाण्यात तो लगेच कळतो.

मंडपात मांडणी करताना हॅलोजन फोकस पाण्याजवळ नको. साधं कोटिंग रेझिन ५०-६० अंशांना मऊ पडतं आणि त्यावर बसलेली फुलं, अक्षता, गुलाल रुतून बसतो. एलईडीच लावा, बाजूने, कमी उंचीवरून, म्हणजे जेलच्या लाटा उठून दिसतील. रेझिनला पूर्ण ताकद यायला सात दिवस लागतात. त्याआधी बोर्ड जिन्यातून उतरवू नका. उलटं मोजायचं तर प्रतिष्ठापनेच्या आधी दहा दिवस शेवटचा थर पडलेला असावा, त्याच्या आधीचा दीड आठवडा पीओपी वाळायला.

---

खाडीकाठ८७

होडी गाळावरच घेतो. आजपासून खांब आणि नमुन्याच्या तुकड्याचं वजन लिहायला घेतलंय. समुद्राकडची बाजू कुठली ते बोर्डच्या मागे पेन्सिलने बाण काढून ठेवलंय, म्हणजे चर आणि उशी उलटसुलट व्हायला नको. नवीन चाचणी तुकडा १००:४३ ने, एसीत, वॉर्निश मारलेल्या पीओपीवर करून निकाल इथेच टाकतो.